आधी ओंब्या मोजा, मग पंप भरा: वाळवंटातल्या गव्हावरच्या माव्याबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळी सगळे प्रश्न एकाच किडीवरचे घेतलेत. फेब्रुवारीपासून राजस्थानातून एकामागून एक पत्रं येत गेली आणि सगळ्यांचं दुखणं एकच, गव्हावर मावा. आपली मराठी माणसं तिकडे बरीच आहेत, सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले आहेत, सैन्यातली कुटुंबं आहेत, सोलरच्या कामावर गेलेली पोरं आहेत, कृषी विद्यापीठात शिकणारी मुलं-मुली आहेत. मी स्वतः नोकरीची बारा वर्षं बिकानेर-श्रीगंगानगर भागात काढलीत, पिकांवरच्या किडी हाच माझा विषय, त्यामुळे ही पत्रं वाचताना ती वाळू आणि नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेचा हिरवा पट्टा डोळ्यासमोर येत होता. एक पत्र तर थेट इस्राएलच्या वाळवंटातून आलंय, तेही घेतलंय. काही उत्तरं लांबलीत, पण त्याला इलाज नव्हता.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही मूळचे आटपाडी तालुक्यातले, वडिलांपासून गलाईचा धंदा, इकडे घडसान्याला दुकान आहे वीस-बावीस वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी एक मुरब्बा (२५ बिघे) जमीन घेतली, बटईदार वाट्यानं कसतो आणि मी रविवारी जाऊन बघून येतो. नरमा, म्हणजे कापूस, निघायला उशीर झाला म्हणून गहू डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरला. आता ओंबी बाहेर पडलीय आणि तिच्यावर हिरवट-काळपट बारीक किडे दिसतायत, हात लावला की चिकट लागतं. बटईदार म्हणतो मोयला आलाय, दुकानदार म्हणतो बिघ्याला २० ग्रॅम थायामेथोक्झाम मारा आणि सोबत युरिया पण द्या म्हणजे पीक उभारी धरेल. मला शेतीतलं फार कळत नाही. काय करू? (एक वाचक, घडसाना, राजस्थान)

उत्तर: दादा, आधी नावाचं बोलू कारण तिथं गोंधळ होतो. आपण ज्याला मावा म्हणतो त्याला तिकडे मोयला म्हणतात, चेपा म्हणतात, पंजाबी बोलणारे शेतकरी तेला पण म्हणतात. दुकानात जाऊन मावा म्हणालात तर समोरच्याला खवा वाटेल, बिकानेरकडे मावा म्हणजे मिठाईचा खवा. आणि मावठ हा शब्द आणखी वेगळा, मावठ म्हणजे तिकडचा हिवाळी पाऊस, जो गव्हाला सोन्यासारखा असतो पण त्याच्यामागे चार-पाच दिवस ढगाळ दमट हवा राहिली तर मोयला वाढतो. म्हणून दुकानात मोयला किंवा चेपा असंच म्हणा, आणि पीक कुठलं तेही सांगा, कारण मोहरीवरचा मोयला वेगळा आणि गव्हावरचा वेगळा. मोहरीवरचा गव्हावर जगत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही पत्रात औषधाचं नाव दिलंत, ग्रॅम दिलेत, युरिया पण लिहिलात, पण एका ओंबीवर किती मावा आहे ते कुठंच नाहीये. तेच तर बघायचंय. रविवारी जाल तेव्हा तासभर काढा आणि शेतात आतपर्यंत चालत जा, नुसतं बांधावरून बघू नका, कारण मावा कडेनं आधी दिसतो आणि बांधावरून बघणाऱ्याला सगळं शेत भरलंय असं वाटतं. चार-पाच जागा धरा, एक खाल्याच्या (पाण्याच्या पाटाच्या) कडेची, एक टिब्ब्याच्या (वाळूच्या टेकडीच्या) बाजूची, बाकीच्या मधल्या. प्रत्येक जागी कुठल्याही दहा ओंब्या घ्या, मुद्दाम किडलेल्या निवडू नका, आणि प्रत्येक ओंबीवरचे किडे मोजून वहीत लिहा. लुधियानाचं पंजाब कृषी विद्यापीठ सांगतं की एका ओंबीवर सरासरी ५ मावे झाले की फवारणीचा विचार करा. कर्नालची गहू संशोधन संस्था एका फुटव्यावर १० ते १५ म्हणते. हे दोन आकडे बघून गोंधळू नका, पहिला फक्त ओंबीचा आहे आणि दुसरा अख्ख्या फुटव्याचा, पानं धरून. तुमची ओंबी निसवलीय म्हणजे पहिला आकडा धरा. सरासरी दोन-तीनच आली तर पंप घरातच ठेवा आणि चार दिवसांनी परत मोजा.

एवढ्या ओंब्या मोजायला कंटाळा येईल हे मला माहितीय, बटईदार सुद्धा म्हणेल की शेठ हे काय चाललंय. पण बारा वर्षांत मी जेवढ्या फवारण्या बघितल्या त्यातल्या कितीतरी न मोजता झालेल्या, आणि पैसे गेले ते गेलेच पण माव्याला खाणारे किडे पण त्याच्यासोबत मेले.

समजा आकडा पाचच्या वर गेला. तर ग्रॅमचा हिशेब नीट करा कारण दुकानदारानं तो चुकवलाय. थायामेथोक्झाम २५ टक्के डब्ल्यूजी (पाण्यात मिसळायचे दाणे) हे गव्हाच्या माव्यासाठी हेक्टरी ५० ग्रॅम आहे, म्हणजे एकरी २० ग्रॅम. एकरी! आणि तुमच्याकडचा बिघा एकरापेक्षा लहान, साधारण पाव हेक्टर, एक एकर म्हणजे १.६ बिघे. म्हणजे बिघ्याला साडेबारा ग्रॅम पुरे. पंजाबातला एकराचा आकडा इकडे तसाच्या तसा बिघ्याला लावला जातो आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. तुमचा २५ बिघ्यांचा मुरब्बा आहे, दुकानदाराच्या हिशेबानं ५०० ग्रॅम लागतील आणि खऱ्या हिशेबानं ३१५ च्या आसपास. जास्तीचं औषध मारून मावा जास्त मरत नाही, ते दाण्यात जातं, मातीत जातं आणि शेजारी मोहरी फुलात असेल तर मधमाशीच्या पोटात जातं. पाणी मात्र कमी करू नका, पाठीवरच्या पंपानं एकरी ८० ते १०० लिटर लागतं, आणि ते शक्यतो डिग्गीतलं, म्हणजे शेतातल्या साठवण तळ्यातलं, नहराचं घ्या, ट्यूबवेलचं खारं पाणी नको.

तेही सगळ्या मुरब्ब्यावर मारायची गरज असेलच असं नाही. मोजणीत कडेच्या पट्ट्यातच पाचच्या वर आणि मध्ये एक-दोन असं दिसलं तर तेवढा पट्टाच फवारा. संध्याकाळी चारनंतर, वारा पडल्यावर. आणि फवारणीपासून कापणीपर्यंत २१ दिवस गेले पाहिजेत. तुमचा गहू एप्रिलच्या मध्यात निघेल, म्हणजे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर पंपाला हात लावायचाच नाही.

तसंही तोवर ऊन तुमच्या मदतीला येईल. गव्हावरच्या माव्याला वीस-पंचवीस अंशांची हवा मानवते, सलग काही दिवस पारा तिशीच्या वर राहिला की त्याची वाढ मोडते. म्हणून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मोजणी पाचच्या जवळपास आली आणि पुढचे दिवस तापणार असं हवामान खातं सांगत असेल तर मी थांबेन. पण फेब्रुवारीअखेर ढगाळ हवा, दाणा अजून चिकात आणि ओंबीवर आठ-दहा मावे अशी गाठ पडली तर थांबू नका, तेव्हाच खरं नुकसान होतं, दाण्यात जायचा रस मावा पितो आणि दाणा बारीक पडतो.

युरिया आता अजिबात देऊ नका. ओंबी निसवल्यावर दिलेला युरिया दाण्याला फारसा लागत नाही, पानं तेवढी हिरवीगार लुसलुशीत राहतात आणि माव्याला तेच हवं असतं. रेताड जमिनीत नत्र पाण्याबरोबर खाली निघून जातं म्हणून तिकडे लोक भरमसाठ टाकतात, माझं म्हणणं असं की टाकायचंय ते तीन हप्त्यांत विभागून द्या आणि ओंबीच्या आधीच संपवा. बाकी तुमच्याकडे मावा जास्त दिसायचं मोठं कारण पेरणीची तारीख. नरम्याच्या मागचा गहू डिसेंबरात जातो आणि शेजाऱ्याचा नोव्हेंबरातला गहू दाणे भरून टणक व्हायला लागतो तेव्हा तुमची ओंबी कोवळी असते, मग सगळा मावा तुमच्याकडे. पुढच्या वर्षी नरमा थोडा आधी आवरता आला तर बघा, नाहीतर त्या मुरब्ब्यातल्या काही बिघ्यात नरम्याऐवजी गवार किंवा मूग घ्या, ते लवकर निघतात आणि गहू वेळेवर पडतो.

प्रश्न: मॅडम, मी परभणीची, बिकानेरला एमएस्सी करतेय. सगळे म्हणतात वाळवंटात कीड कमी असते, कोरडी हवा, कडक ऊन. मग गव्हावर इतका मावा येतो कुठून? आणि मला नर मावा एकदाही सापडला नाहीये, काही चुकतंय का माझं? (एक विद्यार्थिनी)

उत्तर: तुझं काही चुकत नाहीये, नर तुला तिथं सापडणारही नाही बहुतेक. थंड देशांत मावा हिवाळ्याआधी नर-मादी तयार करतो आणि अंडी घालतो, पण आपल्याकडच्या उबदार भागात मक्यावरच्या माव्यासारख्या जाती सगळं वर्ष नुसत्या माद्यांवर काढतात. मादी नराशिवाय पिल्लं देते, अंडी पण नाही, थेट चालती-फिरती पिल्लं, आणि जन्मतानाच त्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढी वाढायला लागलेली असते. हवा मनासारखी असली की पिल्लू आठवडाभरात स्वतः पिल्लं द्यायला लागतं. म्हणून सोमवारी बघितलेलं शेत आणि पुढच्या सोमवारचं शेत यात इतका फरक दिसतो की शेतकऱ्याला वाटतं रात्रीत कुणी आणून टाकलं. गर्दी झाली किंवा झाडाचा रस आटायला लागला की पंखवाल्या माद्या तयार होतात आणि त्या वाऱ्यावर निघतात, स्वतःच्या बळावर फार उडता येत नाही त्यांना पण वारा लांब नेतो.

वाळवंटाचं म्हणशील तर तू बघतेयस ते वाळवंट आता नुसतं वाळवंट कुठं राहिलंय. बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी १९२७ मध्ये गंग नहर आणली तेव्हा श्रीगंगानगर हिरवं झालं, आणि १९५८ मध्ये राजस्थान नहरीचा पाया घातला, तीच आजची इंदिरा गांधी नहर. सतलज आणि बियास मिळतात तिथं हरिकेला पाणी उचललंय आणि ते साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास चालत जैसलमेरकडे मोहनगडपर्यंत आणलंय. जैसलमेरला वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास, तिथं आज लोक गहू घेतात. आता माव्याच्या बाजूनं बघ, चहूकडे वाळू आणि मध्ये जानेवारी-फेब्रुवारीत कोवळ्या गव्हाचा लांबच लांब पट्टा, दिवसा वीस-पंचवीस अंश, जोराचा पाऊस नाही. पावसाचा मारा बसला की मावा धुऊन जातो, तिकडे हिवाळ्यात तसा मारा क्वचित. हवा कोरडी असेल पण पाणी दिलेल्या गव्हाच्या आत, पानांच्या मध्ये, ओल असते, आणि मावा तिथंच असतो. उन्हाळ्यात तो खाल्याच्या कडेच्या गवतावर, ज्वारी-मक्यावर तग धरतो, आणि उरलेला वाऱ्यावर येतो.

एक काम कर, खाल्याच्या कडेची गवतं नोव्हेंबरपासून दर आठवड्याला तपास आणि शेजारच्या गव्हात पहिला मावा कुठल्या तारखेला दिसला ते लिहून ठेव. कॉलेजच्या फार्मवर नाही, शेतकऱ्याच्या शेतात. दोन हंगामांची अशी वही तुझ्या हातात असली ना तर गाइड काय म्हणतात याची काळजी करायला नको.

प्रश्न: मी सोलर प्रोजेक्टवर मोहनगडजवळ असतो, मूळ गाव बार्शी. शेजारच्या शेतकऱ्याशी दोस्ती झालीय. त्याच्या गव्हात मावा आहे आणि काळ्या काटेरी अळ्या पण आहेत, तो म्हणतो ही दुसरी कीड, दोन्हीवर एकच औषध मारतो. मी ऑनलाइन वाचलं की लेडीबर्ड विकत मिळतात, मागवून सोडू का?

उत्तर: थांबवा त्याला! आज फोन करा. त्या काळ्या अळ्या, अंगावर नारिंगी ठिपके आणि मगरीच्या पिल्लासारखं लांबट अंग, बरोबर ना? ती कीड नाही, लेडीबर्डचीच पिल्लं आहेत ती, आपण ज्याला ढालकिडा म्हणतो, लाल पाठीवर सात काळे ठिपके. तुम्ही जे विकत आणायला निघालात ते त्याच्या शेतात फुकट आलंय. मोठा ढालकिडा दिवसाला पन्नासेक मावे खातो आणि अळी पण त्याच्या मागे नसते. त्यासोबत बिनपायाची, हिरवट, गोगलगायीसारखी सरकणारी अळी दिसली तर ती सिरफिड माशीची, ती पण मावाच खाते. आणि काही मावे फुगून तपकिरी-सोनेरी झालेले, हलत नाहीत असे दिसतील, त्यांच्या पोटात एका बारीक परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय, ते मावे मेलेलेच समजा आणि मोजणीत धरू नका.

हे मी एवढं जीव तोडून सांगतेय कारण माझ्या हातून हेच झालंय. नोकरीचं दुसरं वर्ष, हनुमानगडच्या बाजूला एका चकात, म्हणजे नहरीवरच्या वस्तीत, गेले होते, मार्चचा पहिला आठवडा, ओंबीवर मावा भरपूर, शेतकरी घाबरलेला, आणि मी वहीत माव्याचा आकडा लिहिला पण ढालकिड्यांचा लिहिलाच नाही. फवारा म्हणाले. चार दिवस शेत साफ दिसलं, सगळे खूश. मग कडेनं मावा परत सुरू झाला, आणि आता त्याला खायला शेतात कोणी उरलंच नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांकडे औषधाला पैसे नव्हते म्हणून त्यांनी काही मारलं नव्हतं, त्यांच्या गव्हात ढालकिड्यांनी आणि उन्हानं मिळून पंधरा दिवसांत मावा संपवला. माझ्या शब्दावर ज्यानं पैसे घातले त्याला दुसरी फवारणी लागली. त्याचा चेहरा मला अजून आठवतो, तो मला एका शब्दानं बोलला नाही. तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत, एक माव्याचा आणि एक त्याला खाणाऱ्यांचा.

तुमच्या मित्राला विचारा जवळपास मोहरी आहे का. मोहरीवर तिचा स्वतःचा मोयला असतो, त्याच्यावर ढालकिडे पोसले जातात, आणि फेब्रुवारीअखेर मोहरी वाळायला लागली की ते तिथून उठून गव्हात येतात. म्हणजे मोहरीचा शेजार गव्हाला वाईट नाही, चांगलाच आहे. बांधावर खेजडी असेल, म्हणजे आपली शमी, तर तीही तोडू देऊ नका, ऊन वाढलं की या किड्यांना सावली लागते. मोजणीत दर दहा ओंब्यांमागे दोन-तीन ढालकिडे किंवा अळ्या दिसत असतील तर मी माव्याचा आकडा थोडा वर गेला तरी चार दिवस वाट बघेन. माझ्या अनुभवाचा हिशेब आहे हा, पुस्तकात शोधू नका.

अगदीच राहवत नसेल तर लुधियानावाल्यांचा घरगुती कडुनिंबाचा अर्क आहे, निंबाच्या कोवळ्या फांद्या, पानं, निंबोळ्या असतील तर त्या, सगळं मिळून ४ किलो, १० लिटर पाण्यात अर्धा तास उकळायचं, फडक्यातून गाळायचं, आणि त्यातला २ लिटर एकराला फवारणीच्या पाण्यात मिसळून मारायचा, आठवड्यानं परत एकदा. खर्च फक्त सरपणाचा.

प्रश्न: ताई, मिस्टर सैन्यात आहेत, आम्ही सुरतगडला असतो. इथं गव्हात बथुआ उगवतो, आपला चाकवतच, जवळच्या ढाणीवरच्या (शेतातल्या वस्तीवरच्या) बायका तो खुडून आणून देतात, मी त्याची ताकातली भाजी करते, मुलांना फार आवडते. परवा एकीनं बोलता बोलता सांगितलं की शेतात मोयल्याचं औषध मारलंय दोन दिवसांपूर्वी. धुऊन घेतलं तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. ती जुडी टाकून द्या, गाईला पण घालू नका. थायामेथोक्झामसारखी औषधं झाडाच्या आत शिरतात, पानावर नुसती बसत नाहीत, त्यामुळे मिठाच्या पाण्यात ठेवा नाहीतर दहादा धुवा, आतलं जात नाही. २१ दिवसांचा हिशेब गव्हाच्या दाण्यासाठी आहे, चाकवताच्या कोवळ्या पानासाठी असा हिशेब कुणी लिहूनच दिलेला नाही, कारण कागदावर तो तण आहे. आणि गरीब घरात हिवाळ्याची भाजी तीच असते.

तुम्ही रागावू नका त्या बाईवर, तिनं सांगितलं हे किती मोठं केलंय. तिलाच मदतीला घ्या. शेतमालकाला म्हणावं फवारल्यावर बांधाला एक लाल फडकं बांधत जा, आणि ते फडकं असेपर्यंत त्या शेतातला बथुआ खुडायचा नाही, बकऱ्या पण सोडायच्या नाहीत. मी काही चकात हे सुरू केलं होतं, बायकांनी ते पुरुषांपेक्षा जास्त पाळलं. आणि फवारणारा माणूस तिच्याच घरातला असेल तर त्याला एवढं सांगा की उघड्या हातांनी औषध कालवू नको, वाऱ्याच्या तोंडावर मारू नको, ते कपडे घरच्या कपड्यात धुवायला टाकू नको. तुमच्या मुलांसाठी दोन वाफे घराशेजारी करा, चाकवताचं बी इकडून पाठवता येईल कुणाबरोबर तरी, महिन्याभरात भाजी होते.

प्रश्न: शालोम आणि नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, माझे आईवडील अलिबागकडून आले, मी दिमोनात वाढले, मराठी घरात बोलतो आणि वाचते मी हळूहळू. मुलगा नेगेव वाळवंटाच्या उत्तरेला गव्हाच्या शेतावर काम करतो. त्यानं फोटो पाठवलाय, गव्हाचं पान नळीसारखं गुंडाळलेलं आणि त्यावर लांब पांढरे पट्टे, आत बारीक हिरवे किडे. हा आपला मावाच आहे का?

उत्तर: बाई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, इतकी वर्षं तिकडे राहून मराठी जपलीत. मुलाला सांगा की मावाच आहे पण वरती ज्याचं बोलणं झालं तो नव्हे. पान नळीसारखं वळणं आणि पांढरे किंवा जांभळट पट्टे ही खूण रशियन गहू माव्याची आहे. बाकीचे मावे पानावर उघडे बसतात, हा नळीच्या आत राहतो, त्यामुळे ढालकिड्याला सापडत नाही आणि वरून मारलेलं साधं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. ओंबी बाहेर येताना त्या वळलेल्या पानात तिचं कुसळ अडकतं आणि ओंबी हंसाच्या मानेसारखी वाकडी होते, शेतात तशा वाकड्या ओंब्या आहेत का बघायला सांगा. ही कोरड्या प्रदेशातली, पावसावरच्या गव्हाची कीड, दक्षिण आफ्रिकेत १९७८ ला पोचली, अमेरिकेत टेक्सासला १९८६ ला आणि ऑस्ट्रेलियात २०१६ ला. तुमच्याकडचा नेगेव, कमी पावसावर उभा असलेला गहू, तिला मानवणाराच.

औषधाचं नाव मी इथून देणार नाही, तुमच्या देशात काय मंजूर आहे ते तिथल्या सरकारी कृषी सल्लागारालाच विचारावं. पण तीन कामं आजच करता येतील. गुंडाळलेली पानं उलगडून आतले किडे बघावे आणि मोजावे. शेतात आपोआप उगवलेला मागच्या वर्षीचा गहू, बार्ली आणि रानगवतं उन्हाळ्यात काढून टाकावी, कारण दोन हंगामांच्या मधे हा त्याच्यावरच राहतो. आणि पुढच्या पेरणीच्या वेळी याला दाद न देणारी जात मिळते का ते विचारावं. अमेरिकेत कोलोराडोनं १९९४ मध्ये हॉल्ट नावाची अशी जात काढली होती, काही वर्षं छान चालली आणि मग २००३ मध्ये तिच्यावरही वाढणारा नवा प्रकार सापडला, म्हणून जात घेतली तरी शेतात जाऊन पानं उलगडणं सुटत नाही. फोटो मला पण पाठवा, ओंबीचा जवळून घेतलेला हवा.

प्रश्न: आमच्याकडे निफाडला गव्हावर मावा जानेवारीतच येतो आणि फेब्रुवारीत कमी होतो. भाऊ बिकानेरला आहे, तो म्हणतो तिकडे मार्चपर्यंत असतो. मग तिकडचं वेळापत्रक आम्हाला लागू आहे का?

उत्तर: तारखा लागू नाहीत, मोजणी लागू आहे. तुमचा गहू एकशेदहा-पंधरा दिवसांत तयार, फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये कापणी, तिकडचा एप्रिलपर्यंत उभा. तुमच्याकडे फेब्रुवारीतच पारा तिशीच्या वर जातो म्हणून मावा तेव्हाच आटतो, तिकडे तेच मार्चमध्ये होतं. तुमचा मावा बऱ्याचदा ओंबी यायच्या आधी पानांवर असतो, तेव्हा पाचाचा आकडा धरू नका, अख्खा फुटवा मोजा आणि १० ते १५ धरा. द्राक्षाच्या बागेला आणलेलं औषध उरलंय म्हणून गव्हावर मारायचं ही सवय निफाड भागात मी बघितलीय, ते करू नका, लेबलवर गहू आणि मावा दोन्ही लिहिलेलं असेल तेच घ्या. दहा-दहा फुटव्यांची पाच जागांची मोजणी करून आकडे आणि पेरणीची तारीख मला पाठवलीत तर पुढच्या अंकात तुमच्या शेतापुरतं नेमकं सांगता येईल.